उंबरठ्यापासून फाटकापर्यंत

घर बांधणारा माणूस छपराचा विचार करतो, भिंतींचा करतो, खिडक्यांना कोणता रंग द्यावा यावरून चार रात्री घरातल्या माणसांशी वाद घालतो. पण उंबरठ्यापासून फाटकापर्यंतच्या वाटेचा विचार तो सहसा सर्वांत शेवटी, हातातले पैसे संपत आल्यावर करतो. देशावरच्या कोरड्या गावात हे चालून जाते. चार फरशा टाकल्या, कडेने झेंडू लावला की तिथे वाट झाली. आमच्या गोव्यात मात्र वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच उतरतो. येथे दारापुढची वाट छपराइतकीच पाण्याशी झगडत असते, आणि छपराला निदान उतार तरी असतो!

वाचकांना कंटाळा येणार नसेल तर एक लहानसा हिशेब मांडते. आमची वाट चाळीस फूट लांब आणि पाच फूट रुंद. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. त्या मानाने या एवढ्याशा पट्टीवर एका पावसाळ्यात सुमारे ५५ हजार लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजायचे तर साडेपाच टँकर. छपरावरून पागोळ्यांनी येणारे पाणी निराळे, आणि घरामागच्या उंचवट्यावरून वाहत येणारे त्याहून निराळे. हा हिशेब मी प्रथम कागदावर केला तेव्हा मलाच तो चुकल्यासारखा वाटला, म्हणून पुन्हा करून पाहिला. या पाण्याने जायचे कुठे, हे ठरवण्याआधीच आपण दगडाचा रंग निवडायला बसतो.

आमचे घर अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात. घर जुने, मंगळूरी कौलांचे, जोते उंच. दारापुढे अंगण, अंगणात तुळस, आणि अंगणाच्या कडेने फाटकाकडे जाणारी वाट. १९९४ साली घरात पहिली मोटार आली. तेव्हा सासऱ्यांनी एका ठेकेदाराकडून ही वाट सिमेंटची करून घेतली. त्या काळी सिमेंटची वाट ही प्रतिष्ठेची गोष्ट होती, आणि पहिली पाच-सात वर्षे ती दिसायलाही देखणी होती. पण ठेकेदाराने मातीवरच थोडी खडी पसरून वर काँक्रीट ओतले होते; उतार असा काही दिलाच नव्हता. मधल्या भागात पाणी साचू लागले. फणसाच्या मुळांनी एका ठिकाणी सगळा थर उचलून धरला. कडेची माती पागोळ्यांनी खणून नेली आणि खाली पोकळी झाल्यावर काँक्रीटला भेगा पडल्या. आषाढ लागला की त्यावर हिरवे शेवाळ धरायचे आणि श्रावणापर्यंत ते काळे, बुळबुळीत होऊन बसायचे.

शेवाळावरचे सगळे उपाय आम्ही केले. ब्लीचिंग पावडर टाकली; आठवडाभर वाट पांढरी दिसली, पुढल्या आठवड्यात पुन्हा हिरवी झाली. तारेच्या ब्रशाने घासले, तेव्हा शेवाळाबरोबर सिमेंटचा वरचा थरही खरवडून निघाला आणि उघड्या पडलेल्या छिद्रांत शेवाळ अधिकच जोमाने रुजले. कोणी मोरचूद सुचवले. विहीर वाटेपासून वीस पावलांवर, तेव्हा तो विचार सोडून दिला. शेवटी दरवर्षी गोणपाटे अंथरायची, ती कुजली की नवी आणायची, हेच चालू राहिले. ओल्या गोणपाटावरही पाय घसरतो, हे निराळे सांगायला नको.

२०२३ च्या श्रावणात सासूबाई या वाटेवर पडल्या. मनगट मोडले. वय त्या वेळी ब्याऐंशी. हाड जुळून आले, पण 'पावसात अंगणात उतरायचे नाही' अशी डॉक्टरांनी ताकीद दिली, आणि २०२४ चा संपूर्ण पावसाळा आईंनी सोप्यावर बसून काढला. बाहेरून पाहणाऱ्याला यात विशेष काही वाटणार नाही. म्हाताऱ्या माणसाने पावसात घरात बसावे, त्यात काय मोठे? पण त्यांचे सारे जग फाटकावर भरत असे. सकाळी पोदेराचा भोंपू वाजला की पाव त्या स्वतः घेत. त्याच्या मुलाची परीक्षा, त्याच्या बायकोचे दुखणे, सगळे त्यांना ठाऊक असे. समोरच्या घरातल्या वयस्क बाई फाटकापाशी येत, आणि दोघी एकेका छत्रीखाली उभ्या राहून अर्धा अर्धा तास बोलत. त्या वर्षी पाव मी आणू लागले. मी आत आले की आई विचारीत, "फाटकावर कोण होते?" मी म्हणे, "पोदेर." त्यावर त्या काही क्षण वाट पाहत, मी आणखी काही सांगेन म्हणून. माझ्याजवळ आणखी काही नसे.

तेव्हा त्या वर्षीच्या दिवाळीत वाट नव्याने करायची असे ठरले. ठरले म्हणजे वादाला आरंभ झाला. धाकटे दीर पुण्याला असतात. त्यांनी भ्रमणध्वनीवरून छायाचित्रे मागवली, मापे मागवली आणि चौथ्या दिवशी सिमेंटच्या पेव्हरांचा अंदाजपत्रकासहित नकाशा पाठवला. लाल आणि करडे, आलटून पालटून. यजमानांच्या मनात कडाप्पा होता. तो त्यांनी एका हॉटेलच्या अंगणात पाहिला होता. मला विचाराल तर मला तेव्हा कशाविषयीच खात्री नव्हती. पेव्हर वाईट नसतात. ते वाळूच्या थरावर बसवतात, एखादा खचला तर तेवढाच उचलून पुन्हा बसवता येतो, आणि हा गुण मोठा आहे. कडाप्पा आणि शहाबादी फरशी यांचे तसे नाही. घोटीव, सपाट दगड कोरड्या हवेत शोभतो; आमच्या चार महिन्यांच्या ओलीत तो काचेसारखा निसरडा होतो.

निर्णय झाला तो मेस्त्रीमुळे, किंवा खरे म्हणजे पहारीमुळे. मार्चमध्ये, शिगमो आटोपल्यावर, मेस्त्री जुने काँक्रीट फोडायला आला. फाटकाच्या बाजूने तीन-चार हात फोडून झाल्यावर पहारीचा आवाज बदलला. खाली चिरे होते. चांगले जुने, हाताने तासलेले चिरे, एकमेकांना लागून मांडलेले. आणि त्यांच्या एका अंगाला वीतभर रुंदीचा पाट, तोही चिऱ्यांचाच. पाट मातीने बुजला होता. मेस्त्रीने त्यावर पाणसळ ठेवली. वाटेला आडवा उतार होता, पाटाकडे. आणि पाटाला लांबीचा उतार होता, फाटकाकडे नव्हे तर उलट, आमच्या चार माडांकडे. मेस्त्री बराच वेळ उकिडवा बसून ते पाहत होता. मग म्हणाला, "बाय, उदकाक वाट जाय." पाण्याला वाट हवी.

आई सोप्यावरून हे सगळे पाहत होत्या. त्यांना पाट आठवत होता. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा पावसाआधी पाटातला पाचोळा काढण्याचे काम त्यांच्याकडे होते, आणि पाटाचे पाणी माडांच्या आळ्यांत जाई. सिमेंट झाल्यावर हे सारे पाणी फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊ लागले. रस्त्याच्या पलीकडचे घर, त्या फाटकावर बोलायला येणाऱ्या बाईंचे, आमच्याहून सखल. गेली कित्येक वर्षे जुलैत त्यांच्या पडवीत पाणी शिरत असे. पंचायतीच्या गटाराला सगळे दोष देत असू, आणि गटार तुंबलेले असे हेही खरेच; पण त्या दिवशी पाणसळीतला बुडबुडा पाहिल्यावर त्या पाण्यातले आमच्या वाटेचे पाणी किती, हे विचारायला कोणाला ठेकेदाराकडे जायची गरज उरली नाही. दिरांना संध्याकाळी छायाचित्रे पाठवली. त्यांचे उत्तर एका शब्दाचे होते, "चिरे."

चिऱ्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपण त्याला इतके सरावलो आहोत की त्याचे नवल वाटत नाही. शास्त्रीय भाषेत त्याला लॅटेराइट म्हणतात. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात मलबारातील या दगडाला हे नाव दिले. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. नाव समर्पक आहे. खाणीत तो ओलसर आणि इतका मऊ असतो की कुदळीने कापता येतो, आणि उन्हावाऱ्यात पडला की घट्ट होतो. लोखंडामुळे रंग तांबडा, आणि अंगात असंख्य छिद्रे. मूळ खडक लाखो वर्षांच्या उष्ण पावसात धुपून, त्यातले विरघळणारे सारे निघून गेल्यावर जे उरते, ते हे. म्हणजे आमचा दगडही पावसानेच घडवलेला.

पण म्हणून त्याला पावसाचे भय नाही असे समजू नये. गोव्यातील जुन्या बांधकामांत चिऱ्याच्या भिंतींना चुन्याचा गिलावा देत, तो केवळ शोभेसाठी नव्हे. जुन्या गोव्यातील बॉम जेझुसच्या बासिलिकेचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला गेला. तांबडे चिरे उघडे झाले, पर्यटकांना तेच रूप आवडले, आणि पावसाने होणारी त्यांची झीज हा पुढे गंभीर चिंतेचा विषय झाला. चिरा झिजतो. भिंतीतला झिजला तर ते संकट. वाटेतला झिजला तर तो उचलून दुसरा बसवता येतो. मात्र त्यासाठी तो सिमेंटात जखडलेला नसावा.

सिमेंटाखाली निघालेल्या चिऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पुन्हा वापरण्याजोगे निघाले. उरलेले विकत घ्यावे लागले. चिरे मिळणे आता पूर्वीसारखे सोपे नाही. आता ते बहुतेक यंत्राने कापलेले असतात, बाजू सरळ, पृष्ठ सपाट. मेस्त्रीने प्रत्येक चिरा हातोडीने वाजवून पाहिला. खणखणीत वाजला तो घेतला, बद्द वाजला किंवा ज्यात पिवळी माती दिसली तो बाजूला ठेवला. मग यंत्राच्या चिऱ्यांच्या वरच्या अंगाला टाकीने खडबडीतपणा आणला, नाहीतर जुन्यावरून नव्यावर पाऊल पडताच फरक जाणवला असता. चिरे महिनाभर उन्हात मांडून ठेवले.

कामाची पद्धत सांगते. कोणाला उपयोगी पडली तर पडो. जुने सगळे काढून फूटभर खोल खणले. तळाची माती धुमसाने ठोकून घेतली आणि तळालाच पाटाकडे उतार दिला, कारण वरचा उतार दिसण्यापुरता असतो, खरे पाणी तळावरून वाहते. त्यावर सहा इंच मोठी खडी, मग बारीक खडी, आणि सर्वांत वर दोन इंच जाडसर कच. वाळू परवडण्यासारखी नव्हती. कच धुतलेली घ्यावी असा मेस्त्रीचा आग्रह होता; तीत धूळ असली तर पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि पाणी झिरपणे थांबते. दोन्ही कडांना चिरे उभे पुरून तेवढेच सिमेंटात घट्ट केले, मधले सगळे मोकळे. सांधे अर्ध्या इंचाचे, त्यांत कच. उतार दर चार फुटांस एक इंच. पाच फुटांच्या रुंदीत सव्वा इंच म्हणजे डोळ्यांना कळत नाही, पायाला कळत नाही, पाण्याला मात्र कळते.

पायऱ्यांसाठी निराळी भांडणे झाली. जोत्याच्या जुन्या पायऱ्या आठ आठ इंचांच्या होत्या. त्या पाच इंचांवर आणल्या, तेव्हा पायऱ्या वाढून वाटेचा एक हात कमी झाला. प्रत्येक पायरीला पुढे किंचित कल दिला. कठड्याला आईंचा विरोध होता. "देवळात रांगेला लावतात तसे दिसेल," असे त्या म्हणाल्या. कठडा लावला. त्या आता तो धरतात, पण कोणी पाहत असेल तर सोडून देतात.

एप्रिल कामगारांच्या अडचणींत गेला. गवंड्याच्या हाताखालची माणसे कर्नाटकातली, ती गावच्या जत्रेला गेली आणि पंधरा दिवसांनी आली. आमचा अंदाज होता की मृग लागेपर्यंत सवड आहे. २०२५ साली पावसाने तो अंदाज मानला नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो कोसळू लागला आणि २५ मे रोजी मोसमी पाऊस गोव्यात पोहोचल्याचे वेधशाळेने जाहीर केले, नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. त्या वेळी फाटकाकडची निम्मी वाट पूर्ण झाली होती, त्यापुढे थोड्या भागात खडी पडली होती, आणि दाराजवळच्या बारा फुटांत नुसता खड्डा होता. घरातून बाहेर पडायला एक फळी.

त्या चार दिवसांत आम्हाला जे पाहायला मिळाले ते काम वेळेवर संपले असते तर कधी दिसले नसते. खड्ड्याच्या बारा फुटांत तांबडा चिखल, गुडघाभर पाणी, आणि बाजूची माती ढासळून आत येत होती. त्याच पावसात, चार हातांवर, खडी पडलेल्या भागात पाणी पडत होते आणि दिसेनासे होत होते. पूर्ण झालेल्या चिऱ्यांवर तर पाऊस थांबल्यावर दहा मिनिटांत पाणी नसे. पाट मात्र भरून वाहत होता आणि माडांची आळी तुडुंब भरली होती. यजमान छत्री घेऊन पुनःपुन्हा तेच पाहायला जात. रस्त्यावर आमच्या फाटकातून पाणी जात नव्हते.

तिसऱ्या दिवशी मेस्त्री आला. त्याच्या स्वतःच्या घराची कौले शाकारायची राहिली होती, म्हणून दोन दिवस तो फिरकला नव्हता. त्याने पंपाने पाणी उपसले, वर ताडपत्री बांधली आणि काम पुढे चालू केले. सिमेंटची वाट असती तर या पावसात काम चार महिने लांबले असते. सुके चिरे मांडायला पाऊस आड येत नाही. कडेचे चिरे तेवढे ताडपत्रीखाली दोन दिवस झाकून ठेवावे लागले. जूनच्या पहिल्या आठवड्यात उंबरठ्यापर्यंतचा शेवटचा चिरा बसला.

आता या वाटेवर शेवाळ येत नाही, असे मी लिहिले तर ते खोटे होईल. जुलैच्या मध्यात फणसाखालच्या सात-आठ चिऱ्यांवर हिरवी झाक आली. चिऱ्याची छिद्रे ओल धरून ठेवतात, आणि जिथे दिवसभर ऊन नाही तिथे कोणताही दगड हिरवाच होतो. माझे तर असे मत झाले आहे की वाट निसरडी होण्यात दगडाचा वाटा चौथाई, बाकी सगळा साचलेल्या पाण्याचा आणि सावलीचा. फणसाची वाटेवर झुकलेली एक फांदी उतरवली. त्यावर चार दिवस घरात कोणी कोणाशी नीट बोलत नव्हते, कारण त्या फांदीला दरवर्षी सर्वांत आधी फणस धरत. आठवड्यातून एकदा खराट्याने घासले की पुरते. ब्लीचिंग पावडरीचा डबा तसाच पडून आहे. पागोळ्यांखाली हातभर रुंदीची गोट्यांची पट्टी टाकली, त्यामुळे अंगणाची माती उडून पायऱ्यांवर येणे थांबले. आणि पाटातला पाचोळा काढण्याचे काम आता माझ्याकडे आले आहे.

आई जूनअखेरीस प्रथम उतरल्या, कोरड्या वेळी, काठी आणि माझा हात घेऊन. पुढे नुसती काठी. डॉक्टरांनी परवानगी दिली ती 'पाऊस थांबलेला असेल तेव्हा' एवढ्या अटीवर, आणि पाऊस केव्हा थांबला हे ठरवण्याचा अधिकार आईंनी स्वतःकडे ठेवला. समोरच्या बाईंची पडवी या वर्षी जुलैत एकदाच भिजली, तीही गटार तुंबल्यामुळे. त्या दोघी फाटकापाशी याच विषयावर अर्धा तास बोलत होत्या. २७ ऑगस्टला चवथ होती. पाऊस रिमझिम चालू होता, गणपती आणणारी माणसे फाटकातून आत येत होती, आणि आई त्यांच्या पुढे, कठडा न धरता, पायऱ्या चढून दारात ओवाळणीचे ताट घ्यायला निघाल्या होत्या. यजमानांनी त्यांना हाक मारली. त्यांनी ऐकले नाही, किंवा ऐकू आले नसेल.

दाराजवळचे, खड्ड्यात पाणी साचले होते तिथले दोन चिरे अर्ध्या इंचाने खचले आहेत. तळाची माती त्या चार दिवसांत मऊ झाली होती, ती पुन्हा नीट ठोकली गेली नाही. मेस्त्री म्हणतो, पाऊस संपून जमीन सुकू द्या, मग ते उचलून खाली कच भरू; एका दुपारचे काम आहे. कचीची दोन पोती विहिरीच्या कठड्याआड झाकून ठेवली आहेत.